कमानीची खिडकी आणि पीव्हीसीची फळी

तापीच्या उत्तर तीरावर वसलेल्या बुऱ्हाणपूर शहरात प्रथमच येणाऱ्या माणसाची दृष्टी वर गेली, की ती बहुधा एखाद्या कमानीवरच स्थिरावते. वेशींना कमानी, मशिदींना कमानी, मकबऱ्यांना कमानी आणि जुन्या वाड्यांच्या खिडक्यांवरही कमानीच. फारुकी घराण्यातील राजा अली खानाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या काळ्या दगडाच्या जामा मशिदीचे दर्शनी अंग पंधरा टोकदार कमानींचे आहे. ज्या मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आढळतो, ती हीच. पुढे १६०१ साली अकबराने असीरगड घेतला आणि खानदेश मोगलांच्या ताब्यात गेला. राज्ये पालटली, पण कमान राहिली. शेकडो वर्षे खानदेशच्या गवंड्याने आणि सुताराने ती आपली मानली.

ही कमान आता घराघरांतून हळूहळू नाहीशी होत आहे, हे आपण सर्वजण पाहत आहोत. वाळवीने पोखरलेली किंवा पावसाने कुजलेली जुनी खिडकी काढावयाची वेळ येते. सुतार सांगतो, "गोल काम महाग पडेल." घरधनी विचार करतो आणि कमानीचा पोकळ भाग विटांनी बुजवून तेथे ॲल्युमिनियमची चौकोनी खिडकी बसवून मोकळा होतो. दोष त्या घरधन्याचा नाही. शेतीवर पोट असलेल्या कुटुंबाने शोभेसाठी कर्ज काढावे, असे कोणी सांगू नये. परंतु थोड्या खर्चात आणि टिकाऊपणाने कमान राखता येत असेल, तर ती रीत आपल्या वाचकांना आणि गावच्या सुताराला ठाऊक असलेली बरी. तशी एक रीत आहे. पीव्हीसीची फळी उष्णतेने मऊ करून साच्यावर वाकविणे, ही ती रीत होय. तिच्यात सोय आहे, तसा धोकाही आहे. दोन्ही गोष्टी नीट समजून घेतल्यावाचून कोणी हात घालू नये, म्हणून हा लेखप्रपंच.

भार कोणाचा, शोभा कोणाची?

प्रथम एक भेद मनात पक्का करावयास हवा. दगडाची किंवा विटांची कमान ही वाकविलेली वस्तू नव्हे. ती पाचरीसारख्या अनेक तुकड्यांची रचना असते. वरच्या भिंतीचा भार प्रत्येक तुकडा आपल्या शेजाऱ्यावर ढकलतो, तो पुढच्यावर, आणि अखेर तो भार दोन्ही बाजूंच्या खांबांत उतरतो. दगडाला दाबले तर तो पुष्कळ सोसतो, ताणले तर लवकर मोडतो. कमानीत त्याला ताण जवळजवळ बसतच नाही, म्हणून ती शतकानुशतके उभी राहते.

खिडकीच्या चौकटीभोवती बसविलेली फळी मात्र भार घेण्यासाठी नसते. कोणी तिला पट्टी म्हणतात, कोणी मोल्डिंग. चौकट आणि भिंत यांच्यामधील फट झाकणे, पावसाचे पाणी आत शिरू न देणे आणि कमानीची रेषा डोळ्यांना स्पष्ट दाखविणे, एवढेच तिचे काम. पीव्हीसीची फळी हे काम उत्तम करते. पण जुनी कमान किंवा तिच्याखालचे भार घेणारे लाकूड काढून टाकून त्या जागी अशी फळी ठोकली, तर भिंत बसेल आणि घरातील माणसांच्या जिवावर बेतेल. कमानीला तडा दिसत असेल, तर आधी गवंड्याला बोलवावे. पट्टीचा विचार त्यानंतर.

लाकडाला गोल करण्याचे जुने उपाय

सुतार गोल कामाला महाग का म्हणतो? सागाचा सरळ पत्रा सरळच राहू इच्छितो. गोल पट्टी करावयाची तर रुंद फळीतून वक्र तुकडे कापावे लागतात आणि ते एकमेकांस सांधावे लागतात. बैलगाडीच्या चाकाचे पुठ्ठे आपल्याकडे याच रीतीने होत. तुकडे कापले, की कोपऱ्यांचे लाकूड वाया जाते. शिवाय लाकडाचे तंतू तुकड्याच्या टोकाशी आडवे कापले गेल्याने तेथे ते चिरण्याची भीती असते. चाकाला लोखंडाची धाव असते. ती तापवून चढवावी, वर पाणी ओतावे, म्हणजे ती आकसून सगळे पुठ्ठे आवळून धरते. खिडकीच्या पट्टीला असा कोणी सांभाळणारा नसतो.

दुसरा उपाय लाकूड वाफेवर मऊ करून वाकविण्याचा. युरोपात मायकेल थोनेट नावाच्या कारागिराने ही विद्या पूर्णत्वास नेली. १८५९ साली त्याने बाजारात आणलेली खुर्ची जगभर गेली. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत वाकविलेल्या लाकडाच्या ज्या खुर्च्यांवर आपण चहा प्यालो असू, त्या त्याच घराण्याच्या. थोनेटच्या ध्यानात एक गोष्ट आली होती. वाफवलेले लाकूड दाबले तर आत चेपते, पण ताणले तर फारसे लांबत नाही, चिरते. म्हणून त्याने फळीच्या बाहेरील अंगाला धातूची पट्टी घट्ट बांधली आणि मग फळी वाकविली. त्यामुळे सगळा बदल दाबाच्या बाजूला झाला आणि लाकूड फाटले नाही. त्याने बीच नावाचे लाकूड वापरले. आपल्या सागाला हा उपचार तितकासा मानवत नाही, आणि वाफेची मोठी पेटी गावच्या सुताराला परवडतही नाही.

मिठापासून फळीपर्यंत

आता पीव्हीसीकडे वळू. याचे पूर्ण नाव पॉलिव्हिनाइल क्लोराईड. १८७२ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन बाउमान याने एक वायू काचपात्रात भरून उन्हात ठेवला असता त्यातून पांढरा घन पदार्थ तयार झाला. तो पदार्थ म्हणजे पीव्हीसी. त्या वेळी त्याचा उपयोग कोणास सुचला नाही. तो विसाव्या शतकात झाला. या पदार्थात वजनाने निम्म्याहून अधिक भाग क्लोरीनचा असतो, आणि हा क्लोरीन साध्या मिठापासून मिळतो. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. धोक्याचा विचार करताना ती पुन्हा लागणार आहे.

बुऱ्हाणपूरच्या शेतकऱ्याला पीव्हीसीची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही. केळीच्या बागांना पाणी नेणारे नळ याचेच. नळाचे टोक तापवून, दुसऱ्या नळावर चढवून त्याची रुंद तोटी करण्याचे काम कित्येकांनी स्वतः केले असेल. नळ वाकवावयाचा झाल्यास तो चेपू नये म्हणून आत वाळू भरतात, हेही अनेकांस ठाऊक असेल. मे महिन्यात उन्हात टेकून ठेवलेले नळ मधोमध झोल खातात, हा तर सर्वांचा अनुभव. फळी वाकविण्याची विद्या या अनुभवाहून निराळी नाही.

खिडकीसाठी वापरावयाची फळी मात्र नळासारखी भरीव नसते. तिच्या आत अतिसूक्ष्म बंद बुडबुडे असतात. बाजारात तिला पीव्हीसी फोम बोर्ड म्हणतात, आणि ती बहुधा ८ फूट लांब व ४ फूट रुंद अशा पत्र्याच्या रूपात मिळते. बुडबुड्यांमुळे ती वजनाने भरीव पीव्हीसीच्या साधारण निम्मी असते. तिला करवत लागते, रंधा लागतो, खिळा ठोकता येतो. तिला वाळवी खात नाही, आणि पावसात ती फुगत नाही.

ती उष्णतेने मऊ का होते, हे समजण्यास आपल्या गावचे यंत्रमाग पुरेसे आहेत. कांजी दिलेले सूत ताठ असते; प्रत्येक धागा जागच्या जागी थिजलेला. कांजी सुटली की तेच धागे एकमेकांवरून सरकू लागतात. पीव्हीसीचे रेणूही असे लांबलचक धाग्यांसारखे एकमेकांत गुंतलेले असतात. साधारण ८० अंश सेल्सिअसच्या खाली ते थिजलेले असतात. त्यावर ते सैल होऊ लागतात, आणि १५० अंशांच्या आसपास फळी ओल्या कापडासारखी लोंबू लागते. त्या अवस्थेत तिला हवा तो आकार द्यावा व तसेच धरून थंड होऊ द्यावे. धागे नव्या जागी थिजतात. लाकूड जेथे चिरते तेथे ही फळी ताणली जाते, आणि हाच तिचा मोठा गुण.

परंतु न तापविता, केवळ बळाने वाकवून खिळ्यांनी जखडलेली फळी आपली जुनी चाल विसरत नाही. ती रात्रंदिवस सरळ होऊ पाहते, खिळ्यांना ओढते, आणि एखाद्या उन्हाळ्यात टोकाकडून भिंत सोडते. मोठ्या घेराच्या कमानीवर पातळ फळी अशी बसलेली दिसेलही. खिडकीच्या लहान घेरावर तो उद्योग करू नये.

आधी हिशेब

फळीला हात लावण्यापूर्वी मोजमाप करावे. अर्धवर्तुळाकृती कमान असेल आणि खिडकीची रुंदी १२० सेंटिमीटर असेल, तर त्रिज्या ६० झाली. पट्टीची आतली कड सुमारे १८८ सेंटिमीटर लांब होईल. पट्टी १० सेंटिमीटर रुंद असेल, तर बाहेरच्या कडेची त्रिज्या ७० आणि लांबी २२० होईल. मधल्या रेषेची लांबी सुमारे २०४. म्हणजे बाहेरच्या कडेला ताणून अदमासे १६ सेंटिमीटर लांब व्हावे लागेल आणि आतल्या कडेला तितकेच आखडावे लागेल. शंभरात सात-आठ एवढा हा बदल आहे, आणि नीट तापलेली फळी तो सोसते.

यात एक सोपा नियम दडलेला आहे. अर्धवर्तुळासाठी बाहेरच्या आणि आतल्या कडेतील फरक म्हणजे पट्टीच्या रुंदीला २२ ने गुणून ७ ने भागावे. खिडकी लहान असो वा मोठी, फरक तेवढाच. म्हणून लहान खिडकी अधिक कठीण. तीच १० सेंटिमीटरची पट्टी ६० सेंटिमीटरच्या खिडकीवर वाकवावयाची झाल्यास तेवढाच फरक अर्ध्याच्या आसपास लांबीत सामावावा लागतो. बदल शंभरात चौदावर जातो, आणि आतल्या कडेला सुरकुत्या येतात. अशा वेळी पट्टी अरुंद घ्यावी, किंवा न वाकविता मोठ्या पत्र्यातून वक्र तुकडे कापून सांधावे. सपाट आणि रुंद पट्टीसाठी कापण्याची रीत कित्येकदा अधिक शहाणपणाची. पत्रा काहीसा वाया जातो, पण तापविण्याचा खटाटोप आणि धोका टळतो. कमानीच्या पोटाला, म्हणजे भिंतीच्या जाडीत बसणारी फळी सपाट अंगावर वाकते. ती सर्वांत सोपी. वाकविण्याची खरी गरज तेथे, आणि नक्षीदार मोल्डिंगसाठी.

कमान अर्धवर्तुळाहून बसकी असेल, तर त्रिज्या काढण्याची रीत अशी: रुंदीच्या निम्म्याचा वर्ग आणि उंचीचा वर्ग यांची बेरीज करावी, आणि उंचीच्या दुपटीने भागावे. रुंदी १२० आणि कमानीची उंची ३० असल्यास ३६०० अधिक ९०० म्हणजे ४५००. त्यास ६० ने भागले असता त्रिज्या ७५ सेंटिमीटर.

बुऱ्हाणपुरात अधिक दिसणारी टोकदार कमान एका फळीची होत नाही. ती दोन चापांची असते, आणि टोकावर दोन पट्ट्या तिरक्या कापून भिडवाव्या लागतात. वसईच्या किल्ल्यातील पडक्या चर्चमध्ये आपण अर्धवर्तुळाची कमान पाहतो, तर वांद्र्याच्या मोतमाऊलीच्या सध्याच्या, १९०४ च्या मंदिरात टोकदार कमान. पहिलीला एक केंद्र पुरते, दुसरीला किमान दोन लागतात. सर्वांत सोप्या टोकदार कमानीत प्रत्येक चापाचे केंद्र समोरच्या पायथ्याशी असते आणि त्रिज्या खिडकीच्या रुंदीइतकी. १२० सेंटिमीटरच्या खिडकीला असा प्रत्येक चाप सुमारे १२६ सेंटिमीटरचा होतो.

तथापि जुन्या भिंतीतील कमान पुस्तकातील वर्तुळाप्रमाणे कधीच तंतोतंत नसते. म्हणून हिशेबावर विसंबून न राहता खिडकीवर जाड कागद डकवून कमानीची कड पेन्सिलीने उतरून घ्यावी, आणि त्यावरून साचा करावा.

वाकविण्याची रीत

साचा प्लायवूडचा करावा. जाड प्लायवूडच्या सपाट पाट्यावर कमानीच्या आतल्या कडेच्या आकाराचा ठोकळा पक्का बसवावा. बाहेरच्या बाजूस ठराविक अंतरावर लाकडी ठोकळे आणि पाचरी तयार ठेवाव्यात. फळी थंड झाल्यावर किंचित उलगडते, म्हणून साच्याचा घेर प्रत्यक्षापेक्षा थोडा अधिक आवळ ठेवावा. किती, ते एका टाकाऊ तुकड्यावर आधी पाहावे. पहिला प्रयोग चांगल्या फळीवर करणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे.

फळी लागते त्याहून लांब कापावी. वरच्या उदाहरणात मधली लांबी २०४ सेंटिमीटर होती. ८ फुटांची फळी २४४ सेंटिमीटर असते. म्हणजे दोन्ही टोकांना वीस-वीस सेंटिमीटर उरतात. ही टोके हातात धरण्यासाठी आणि शेवटपर्यंत घेर सारखा येण्यासाठी लागतात. जादा भाग मागाहून कापावा.

तापविण्यासाठी पत्र्याची लांब पेटी आणि विजेची उष्णता हवी, आत तापमापक हवा. मोठ्या कारखान्यांतून यासाठी उष्णता देणारे रबरी पट्टेही वापरतात. उघडी ज्वाला मात्र कटाक्षाने वर्ज्य. कारण असे, की बुडबुड्यांची ही फळी उष्णतेची वाईट वाहक आहे. ज्वालेखाली तिची वरची साय करपते आणि गाभा तसाच कडक राहतो. वाकविताच ती मोडते, किंवा बाहेरून फुटते. पेटीत सावकाश, दोन्ही अंगांनी, सारखी उष्णता द्यावी. जाड फळीला पातळ फळीपेक्षा पुष्कळ अधिक वेळ द्यावा लागतो. घाई केली की गाभा फसवतो. एक टोक उचलले असता फळी स्वतःच्या वजनाने लोंबू लागली, की ती तयार झाली.

आता दोघांनी मिळून, जाड हातमोजे घालून, ती साच्यावर न्यावी. प्रथम मध्य साच्याच्या मध्याला लावावा आणि तेथून दोन्हीकडे एकाच वेळी, न थांबता, पण हिसका न देता घेर द्यावा. कडेवर वाकविताना आतली कड वर उचलण्याचा प्रयत्न करते. म्हणून वरून दुसरा सपाट प्लायवूड ठेवून शिकंज्यांनी दाबावे. एकदा धरली की सोडू नये. येथेच बहुतेकांचा धीर सुटतो. वरून हात लावता येतो म्हणून फळी निवाली असे समजतात, आणि शिकंजे काढतात. आतला गाभा अजून मऊ असतो. तासाभरात घेर उलगडतो आणि सगळे श्रम वाया जातात. ओल्या कापडाने वरून थंडावा द्यावा, पण फळी आतूनही खोलीइतकी थंड होईपर्यंत साच्यावरच ठेवावी. शक्य असल्यास रात्रभर.

धुराविषयी दोन शब्द

आता त्या मिठाकडे परत येऊ. १५० अंशांना वाकणारी ही फळी त्याहून फार तापली, १८० ते २०० अंशांच्या पुढे गेली, की तिच्यातील क्लोरीन हायड्रोजन क्लोराईड या वायूच्या रूपाने सुटू लागतो. हा वायू डोळ्यांतील आणि फुप्फुसांतील ओलाव्यात मिसळला, की त्याचे आम्ल होते. आधी फळी पिवळी-तपकिरी पडते, नाकाला उग्र वास झोंबतो. तो वास आला की उष्णता तत्काळ बंद करावी आणि सर्वांनी बाहेर मोकळ्या हवेत जावे. हे काम बंद खोलीत, घरात किंवा लहान मुले खेळतात अशा पडवीत कधीही करू नये. उघड्या शेडमध्ये, वारा पाठीमागून येईल अशा बाजूस उभे राहून करावे. दम्याचा त्रास असलेल्याने तेथे थांबू नये.

याहून मोठी भीती कामानंतरची आहे. कापलेले तुकडे, भुसा, मोडकी फळी अंगणात पडलेली असते, आणि आपल्या घरांतून चुलीला जे मिळेल ते घालण्याची सवय आहे. पीव्हीसी चुलीत घालू नये. ते सहज पेटत नाही. धुमसत राहते, आणि त्या धुरात वर सांगितलेले आम्ल तर असतेच, शिवाय डायॉक्सिन नावाची विषारी द्रव्येही तयार होतात, जी शरीरात दीर्घकाळ साठून राहतात. चुलीपाशी कोण बसते? घरची माउली, आणि तिच्या पदराशी लहान मूल. खिडकीची शोभा त्यांच्या श्वासापेक्षा मोलाची नाही. तुकडे पोत्यात भरून भंगारवाल्याकडे द्यावेत. शेतातील जुन्या नळांचीही हीच गोष्ट. त्या नळांत पूर्वी शिशाची संयुगे वापरीत. पाण्याच्या पीव्हीसी नळांतील शिशाविषयी केंद्र शासनाने २०२१ साली नियम केले. जुना नळ जाळणे म्हणून दुहेरी घातक. फळी कापताना व घासतानाही नाकातोंडाला कापड बांधावे, आणि भुसा झाडून एकत्र करावा. तो मातीत आणि विहिरीत जाऊ देऊ नये.

भिंतीवर बसविताना

वाकलेली पट्टी तयार झाली, तरी काम संपले नाही. लाकूड पावसाने फुगते, पीव्हीसी उन्हाने वाढते. हिवाळ्यातील पहाटेचे १० अंश आणि उन्हात तापलेल्या फळीचे ६० अंश यांत ८ फुटांची फळी साधारण सहा-सात मिलिमीटर लांब-आखूड होते. दोन्ही टोकांशी तिला ही जागा ठेवावी, आणि ती फट लवचीक लुकणाने भरावी. गिलाव्यात तिला चोहोबाजूंनी चिणून टाकल्यास ती उन्हाळ्यात पोट काढील. खिळ्यांऐवजी न गंजणारे स्क्रू घ्यावेत. दोन पट्ट्यांचा सांधा मात्र घट्ट हवा. तो नळांना लावतात त्याच सोल्युशनने पक्का जोडावा, म्हणजे हालचाल सांध्यात न होता टोकांकडे जाईल.

रंग फिकाच द्यावा. हा सौंदर्याचा प्रश्न नाही. बुऱ्हाणपूरच्या वैशाखात हवाच चाळीस अंशांच्या वर जाते. काळपट तपकिरी किंवा गर्द हिरवा रंग पश्चिमेच्या उन्हात हाताला चटका बसेल इतका तापतो आणि फळीला मऊपणाच्या उंबरठ्यापर्यंत नेतो. आणि उष्णतेने वाकविलेल्या फळीचा एक स्वभाव आहे: ती पुन्हा मऊ झाली, तर आपल्या मूळच्या सरळ रूपाकडे परतू पाहते. पांढरा, दुधी, फिकट पिवळा असे रंग तिला शांत ठेवतात. सागासारखा दिसणारा गर्द रंग हवा असेल, तर सागच घ्यावा. स्वयंपाकघराच्या चुलीलगत किंवा धुराड्याजवळच्या खिडकीलाही ही फळी लावू नये.

कोणी काय निवडावे?

सागाची जुनी चौकट शाबूत असेल, तर ती काढूच नये. सडलेला तेवढाच तुकडा कापून सुताराकडून नवा सांधावा. शंभर वर्षांचे लाकूड फेकून प्लास्टिक आणणे हा व्यवहार नव्हे. परंतु जेथे चौकट पूर्ण गेली आहे, वाळवी वारंवार येते, पाऊस समोरून मारतो आणि सागाचे गोल काम आवाक्याबाहेर आहे, तेथे कमान बुजवून चौकोनी भोक करण्यापेक्षा ही फळी चांगली. एका घराने पेटी करणे कठीण. पण गावातील चार-पाच घरांनी, किंवा एखाद्या लहान चर्चच्या खिडक्यांचे काम निघाले असता सर्वांनी मिळून, एका सुताराला पेटी आणि तापमापक करून दिल्यास ते जड जाणार नाही. त्याच्या हाताला काम मिळेल, आणि बैलगाडीची चाके गेल्यापासून पडून राहिलेली त्याची गोल कामाची नजर पुन्हा उपयोगी येईल. घेर कोठे चुकला आहे हे ज्याला डोळ्याने कळते, असा माणूस यंत्राबरोबर येत नाही; तो गावातच असतो, आणि त्याच्यापाशी एखादा मुलगा शिकावयास बसला, तर ती नजर पुढेही राहते.

काम झाल्यावर प्लायवूडचा साचा मोडू नये. त्यावर घरमालकाचे नाव, कोणत्या भिंतीची खिडकी, साच्याचा घेर किती आवळ ठेवला होता आणि फळी किती जाड होती, एवढे लिहून तो सुताराच्या शेडमध्ये खुंटीला टांगून ठेवावा. शेजारची खिडकी सडेल, तेव्हा मोजणीपासून आरंभ करावा लागणार नाही.